तांदळातली गुराब

आपलीच वस्तू चोरून आणायची वेळ यावी, तीही नणंदेच्या सासरी सत्यनारायणाच्या पूजेला जाऊन, म्हणजे काय म्हणावं! पण कऱ्हाटीहून इंदापूरला निघालेल्या जीपमध्ये, सासूबाईंच्या शेजारी, मांडीवर तीन वर्षांची स्वरूपा आणि पायाशी नारळाची पिशवी घेऊन बसलेल्या माधवीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. जहाज आज घरी आलं पाहिजे. रविवारी ते पुण्यात पोचलं नाही तर वर्षभराचे कष्ट मातीत.

जहाज प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं होतं. डोक्यावर बटणं असलेले, एकात एक टचकन बसणारे ठोकळे असतात ना, त्यांचं. पण लेकरांच्या खेळण्यातलं नव्हे. जुन्या काळी कोकणच्या समुद्रात फिरायची तशी ती गुराब होती. बूड रुंद, पुढची नाळ निमुळती आणि लांब, दोन डोलकाठ्या, नाळेवर तोफा. शिडं स्वरूपाच्या जुन्या दुपट्याची. ते दुपटं धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं की पंख्याच्या वाऱ्यानंही फुगायचं. दोरखंड गोधडीच्या दोऱ्याचे. आणि वर बोटाएवढे, एक डोळा झाकलेले, दाढीवाले चाचे. समुद्रावरचे लुटारू. मोठ्या डोलकाठीवर काळं निशाण, त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेली कवटी.

गुराबेवरच्या आपल्या माणसांना गोरे लोक चाचे म्हणायचे आणि आपली माणसं गोऱ्यांना. ज्याचा माल गेला त्यानं दुसऱ्याला चाचा म्हणायचं, एवढाच काय तो नियम. माधवीला ह्याची भारी गंमत वाटायची. म्हणून तर कवटी ठेवली होती तिनं.

तिचं माहेर भिगवणचं. वडिलांची हायवेला खानावळ, मागं उजनीचं पाणी आणि पाण्यावर होड्या. लग्नाआधी ती पुण्यात इमारतींची मॉडेलं करायच्या ऑफिसात होती. मग लग्न झालं, स्वरूपा झाली, नोकरी सुटली, पण हातांची सवय सुटेना. मैत्रिणींच्या पोरांनी टाकून दिलेले ठोकळे तिनं पिशव्या भरभरून आणले. दुपारी स्वरूपाचा डोळा लागला आणि सासूबाई उसाकडं गेल्या की तेवढ्यात एक ओळ लावायची. पोरगी कुशीवर वळली की हात तिथंच थांबवायचा. कधी एका फळीवर चार दुपारी जायच्या. पुण्यातल्या ठोकळेवाल्यांच्या मंडळाला तिनं फोटो पाठवले, आणि त्यांचा होकार आला. 'शिडाची जहाजं आणि समुद्री चाचे' असं रविवारी प्रदर्शन, त्यात गुराब मांडायची, खाली माधवीचं नाव. किती दिवसांनी कुणीतरी तिच्याकडं डबा, दूध आणि लंगोट सोडून दुसरं काही मागितलं होतं.

आणि तेवढ्यात आलं नणंदेचं, योगिनीचं लग्न, इंदापूरच्या दिग्विजयशी.

रुखवतात नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या आणि लग्न लागलं की तिच्याबरोबर सासरी पाठवायच्या, हे काय सांगायला नको. योगिनी बँकेच्या परीक्षा देणारी पोरगी. तिनं केलं काय, तर एक तोरण आणि दोन उशांचे अभ्रे. आदल्या दिवशी शेजारच्या ठमाबाई रुखवताच्या टेबलाकडं बघून म्हणाल्या, "सारजे, लईच उघडं दिसतंय गं. इंदापूरची माणसं नावं ठिवणारी हायती."

झालं! सारजाबाईंनी, म्हणजे माधवीच्या सासूबाईंनी, कपाटावरचं ओढणीखाली झाकलेलं जहाज उचललं. लग्नाच्या सकाळी माधवी कार्यालयात पोचली तर गुराब रुखवताच्या मधोमध. कवटीचं निशाण गायब, त्याच्या जागी टिकलीएवढा गणपती चिकटवलेला. चाच्यांच्या कपाळाला दोऱ्याच्या मुंडावळ्या. आणि पुढं पाटी: 'चि. सौ. कां. योगिनी हिच्या हातचं जहाज.'

"आत्या, हे माझं..." ती सासूबाईंना म्हणाली.

"गप, बाई. पाव्हण्या बघायला लागल्यात. नंतर बोल."

ती नवऱ्याकडं गेली. ऋषिराज आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. "आत्ता तमाशा करू नको," तो म्हणाला, "नंतर बघू."

नंतर म्हणजे टेम्पो. टेम्पोत गादी, कपाट, मिक्सर आणि गुराब. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विषय काढला तर ऋषिराज कपाळाला हात लावून म्हणाला, "रुखवतातली वस्तू परत मागायची? लोक तोंडात शेण घालतील. दुसरं कर की."

दुसरं कर! जसं काही ते भाकरीसारखं होतं, एक करपली की दुसरी थापायची.

*

इंदापूरच्या घरात ओसरीपर्यंत चपलांचा ढीग. पूजा होऊन गेली होती, प्रसादाच्या द्रोणांची धांदल चालली होती. आणि बैठकीत, टीव्हीच्या शेजारी काचेच्या कपाटावर, गुराब. मोठी डोलकाठी मोडून आडवी पडली होती, शीड लोंबत होतं. टेम्पोत हिंदकळलं असणार.

"हे बघा आमच्या सूनबाईंचं जहाज," योगिनीच्या चुलतसासूबाई, गोजरबाई, चार बायकांना दाखवत होत्या. "इंजिनेराला जमायचं न्हाय असं केलंय पोरीनं. पर खांब पडलाय बगा. सूनबाई, समद्यांच्या म्होरं बसवून दाव की जरा!"

योगिनी हिरव्या चुड्यात, शालूत, घामाघूम. तिनं डोलकाठी हातात घेतली, उलटी. माधवीला बघवेना.

तेवढ्यात मांडीवरून घसरलेली स्वरूपा खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या आईचं जहाज हाय ते!"

माधवीनं तिला मागं ओढलं नाही. कुणीतरी बोललं एकदाचं.

"आईचं व्हय गं चिमणे?" गोजरबाई हसत सुटल्या. "आईचं, आत्याचं, समदं तुझंच की!" सगळ्या हसल्या. सारजाबाईही हसल्या, जरा जास्तच मोठ्यानं.

"वहिनी," योगिनी घाईनं म्हणाली, "आत ये ना. शालूत सुधरत नाहीय मला, तू नुसतं धर." आणि जहाज उचलून ती आतल्या खोलीत गेली. माधवीनं मागून जाऊन दार लोटलं. स्वरूपा फटीतून आत शिरलीच.

"वहिनी, मी काय करू?" योगिनी रडायच्या बेताला आली होती. "काल ह्यांचे मित्र आले, परवा शाळेतल्या बाई आल्या, सगळ्यांना हेच. दिग्विजय तर म्हणतात, मला शिकव. मला एक ठोकळा लावता येत नाही!"

"मग सांगायचं होतंस."

"पाटी आईनं लावली. टेबलापुढं सगळं गाव उभं. मी तिथं म्हणू, की माझी आई खोटं बोलतीय?"

माधवीला खूप काही बोलायचं होतं. आणि माझं काय? मी कुणापुढं म्हणू? पण समोरची पोरगी नवी नवरी होती, हातावरची मेंदी अजून काळी होती. राग काढावा तर कुणावर, हेच समजेना. सगळेच आपापल्या जागी बरोबर आणि जहाज तेवढं कपाटावर.

"रविवारी पुण्यात न्यायचंय मला ते," ती एवढंच म्हणाली.

योगिनीनं नाक पुसलं. खोलीच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं रुखवताचे लाडू-करंज्यांचे स्टीलचे डबे रिकामे होऊन रांगेनं उभे होते, शेजारी तांदळाचं पोतं. "सासूबाईंनी सकाळीच सांगितलंय, डबे रिकामे माघारी जायचे नाहीत. तांदूळ भर म्हणून." ती थांबली. "तळाशी काय आहे ते कोण बघतंय?"

माधवीनं डब्याच्या तोंडाकडं बघितलं, मग गुराबेकडं. अख्खी जाणं शक्यच नव्हतं. मोडायची होती.

हे काही तिनं जीपमध्ये ठरवलं नव्हतं. जीपमध्ये तिनं ठरवलं होतं की जहाज ओढणीत गुंडाळून कुशीत धरून न्यायचं, झोपलेल्या लेकरासारखं. आता तिनं शिडं सोडवली. दुपट्याला अजून बेबी पावडरचा वास येत होता, का तिलाच तसं वाटलं कोण जाणे. तोफा काढल्या. डोलकाठ्या. नाळ सबंध निघाली, ती तशीच डब्यात उभी केली. पण मधला कणा, ज्याच्यावर सगळं बांधलं होतं, तो डब्यापेक्षा लांब. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि क्षणभर तशीच बसून राहिली.

इथं राहिलं तर अख्खं राहील. रोज कुणीतरी बघेल, वा म्हणेल. नाव योगिनीचं, पण जहाज तरी जहाज राहील. नेलं तर डबाभर ठोकळे. आणि रविवार तीन दिवसांवर, घरात पोरगी, लग्नानंतरचा पसारा, धुणं.

बाहेरून गोजरबाई ओरडल्या, "आगं, जहाज बसवताय का समुद्र खणताय?"

माधवीनं कणा मोडला. एवढासा आवाज, शेंग फोडल्यासारखा.

"आता मी बाहेर काय दाखवू?" योगिनीचा चेहरा उतरला.

"बस खाली. होडी करू. तूच करायचीस, माझा हात लागणार नाही."

उरलेल्या ठोकळ्यांतून तिनं थोडे तपकिरी बाजूला काढले. हा लांब खाली. हे दोन कडेला. नाही, असे सांध्यावर सांधा नको. विटांची भिंत बघितलीस ना? वरची वीट खालच्या दोघींवर बसते, तसं. योगिनीच्या मेंदीच्या बोटांखाली पहिल्यांदा टच झालं तेव्हा ती दचकली, मग हसली. पहिली होडी वाकडी झाली, मोडली, दुसरी बरी झाली. मध्ये वल्हं घेऊन एक चाचा बसवला. मुंडावळ्या त्याच्या अजून कपाळालाच होत्या. स्वरूपा डब्यात वाकून बाकीच्या चाच्यांना "झोपा आता" म्हणत होती.

योगिनी तळहातावर होडी घेऊन बाहेर गेली.

"मोठं जहाज टेम्पोत खिळखिळं झालं होतं," ती म्हणाली. "मोडलं ते. ही केली मी."

"एवढुशी?" गोजरबाई म्हणाल्या. "जहाजाची होडी झाली व्हय! का जहाज दुसऱ्यानंच केलं हुतं?"

योगिनी खाली बसली. होडी ठोकळा ठोकळा सुटी केली आणि सगळ्यांपुढं पुन्हा जोडली. शेवटचा ठोकळा बसताना तिची जीभ बाहेर आली होती. दिग्विजयचे आजोबा, आबा, काठीवर हनुवटी टेकून बघत होते. ते म्हणाले, "होडीच बेस. उजनीत जहाज घालून काय म्हशी धुवायच्यात?" आणि बैठक हसण्यात बुडाली.

निघायच्या वेळी शकुबाई, योगिनीच्या सासूबाई, स्वतः डबे आणायला आत गेल्या. माधवी त्यांच्या मागं धावली. शकुबाईंनी पहिला डबा उचलला आणि तो खडखडला. तांदूळ कधी खडखडत नाही. त्यांनी झाकण काढलं. वरच्या तांदळातून नाळेचं निमुळतं टोक डोकावत होतं.

शकुबाईंनी माधवीकडं बघितलं. माधवीनं जमिनीकडं.

"लईच हलतंय की," शकुबाई म्हणाल्या आणि पोत्यातला सूपभर तांदूळ डब्यात ओतला. काठोकाठ. झाकण दाबून बसवलं. "लेकराच्या तोंडाला झाकण नसतं बाई. चला, अंधार पडायच्या आत पोचा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरूपाला झोपवून माधवी स्वयंपाकघरात आली, तर सारजाबाईंच्या हातात डबा. इंदापूरचा आंबेमोहोर चांगला दिसतोय, जरा भात टाकते, असं म्हणत त्यांनी वाटी आत घातली आणि वाटीत चाचा आला. एक डोळा झाकलेला, मुंडावळ्या बांधलेला.

सारजाबाईंनी त्याला उलटासुलटा करून बघितला. डब्यात हात कोपरापर्यंत घातला. मूठभर ठोकळे वर आले.

"हे काय गं?"

"जहाज आहे."

"लेकीच्या घरातनं चोरून आणलंस?"

"माझं होतं, आत्या."

"तुझं म्हंजी? घरातलं हुतं. घरातलं लेकीला दिलं. त्यात तुझं-माझं कुठनं आलं?"

झालं, इथं मात्र माधवीचा बांध फुटला. "घरातलं नव्हतं ते! घरातल्या सगळ्याला मी हात लावते, पण हे माझं होतं. स्वरूपा झोपली की केलेलं, तुम्ही रानात गेल्यावर केलेलं. रविवारी पुण्याला न्यायचंय म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं. एकदा नव्हं, तीनदा!"

"कवा?"

"एकदा मिक्सर चालू होता. एकदा तुम्ही मालिका बघत होता. एकदा तुम्ही व्हय म्हणालात."

"व्हय तर मी समद्यालाच म्हंती," सारजाबाई म्हणाल्या. मग पुटपुटल्या, "मला वाटलं पोरीला खेळाय केलंय. एवढं मोठं हुतं तर तोंड उघडायचं की कार्यालयात."

"उघडलं होतं. तुम्ही गप म्हणालात."

माफी मागणं सारजाबाईंच्या जिभेला ठाऊक नव्हतं. त्यांनी सूप काढलं, फरशीवर साडी सावरून बसल्या आणि डबा सुपात रिकामा केला. तांदळाचा ढीग, ढिगात फळ्या, तोफा, डोलकाठीचे तुकडे. त्या निवडायला लागल्या. खडे निवडावेत तसे, फक्त ह्या वेळी तांदूळ बाजूला आणि खडे जपून ताटात.

माधवी कणा घेऊन समोर बसली. दोन तुकडे जोडायला गेली तर बसेनात. बटणांच्या खाचांत तांदळाचे दाणे अडकले होते. ती नखानं उकरायला लागली, दाणा आणखी आत गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ चिडून. एवढ्या ठोकळ्यांतून एकेक दाणा काढायचा, मग धुवायचे, वाळवायचे, मग लावायचे. स्वरूपा केव्हाही उठेल.

सारजाबाईंनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि पुढं केला. "ह्यानं काढ. नखं मोडशील." दुसरा आकडा काढून त्या स्वतःही एक ठोकळा उकरायला लागल्या. केस खांद्यावर सुटले.

दाणे एकेक करून फरशीवर पडू लागले.

"ती कवटी," सारजाबाई अचानक म्हणाल्या, "टाकली न्हाय मी. सुईदोऱ्याच्या डब्यात हाय. लग्नाच्या घरात अशुभ म्हणून काढली. पर कापड चांगलं हुतं."

माधवीनं मान वर केली नाही.

"रविवारी कवा निघायचं?"

"कुणी?"

"आगं, पोरगी धरशील का जहाज धरशील? ऋषिराज गाडी चालवणार. मग हे मांडीवर घ्यायला कोण तरी पायजे का नको? का पुन्यांदा डब्यात घालून न्यायचंय?"

माधवीचा राग गेला नव्हता. अजून कितीतरी बोलायचं राहिलं होतं, आणि रविवारपर्यंत जमेल ह्याची काही खात्री नव्हती. पण कण्याच्या खाचेतला दाणा एकदाचा निघाला. तिनं दोन्ही तुकडे एकमेकांवर धरले आणि अंगठ्यानं दाबले.

टच.

आतल्या खोलीत खाट करकरली. "आई," स्वरूपाची हाक आली.

माधवी उठणार, तेवढ्यात सारजाबाईच गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "बस तू," त्या म्हणाल्या, "मी बघती." आणि तांदळावरून पाय जपत आत गेल्या.